एमआरआयच्या सीडी बघायला फुकट सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? (छोटं क्लिनिक, जुना पीसी)

शिरपूरची_फिजिओ:
राम राम मंडळी. माझं शिरपूरला छोटं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे. पेशंट बरेचसे शेतातले, ट्रॅक्टरवाले, कापूस वेचणाऱ्या बाया, सूतगिरणीत उभं राहून काम करणारे, म्हणजे कंबर, मान, गुडघा हेच जास्त. एमआरआय कोणी धुळ्याला काढतं, कोणी नाशिकला, सेंधव्याकडचे इंदूरहून काढून आणतात, आणि सगळ्यांच्या पिशवीत रिपोर्ट, फिल्म आणि एक सीडी असते. आता अडचण अशी की काही सीडी टाकल्या की आपोआप उघडतात, काही उघडतच नाहीत, आत नुसतं एक फोल्डर असतं आणि त्यात आयएम१ आयएम२ अशा नावाच्या फायली, पुढे जेपीजी नाही की काही नाही, विंडोज विचारतं कशाने उघडू. जी आपोआप उघडते तिच्यातलं सॉफ्टवेअरही दर वेळी वेगळं, बटणं वेगळ्या जागी, पेशंट समोर बसलेला असतो आणि मी बटणं शोधत बसते.
मला निदान करायचं नाहीये, रिपोर्ट रेडिओलॉजिस्टचाच. पण मणका उभा आणि आडवा शेजारी शेजारी बघता आला पाहिजे, मुलांच्या पाठीच्या बाकाचा कोन मोजता आला पाहिजे, आणि पेशंटला स्क्रीनवर दाखवता आलं पाहिजे की बाबा दुखणं कुठून येतंय, कारण एकदा त्याने डोळ्याने बघितलं की व्यायाम मनापासून करतो हे मी रोज बघते. पीसी जुना आहे, ४ जीबी रॅम, विंडोज १०. क्रॅक केलेलं नको, क्लिनिकमध्ये वापरायचंय त्यामुळे कायद्याने बरोबर असलेलंच सांगा. गुगलवर इतकी नावं येतात की कोणतं घ्यावं समजत नाही.

जळगाव_सीटी_टेक:
ताई, नमस्कार. मी जळगावला सीटी-एमआरआयवर टेक्निशियन आहे, या सीडी आम्हीच बनवून देतो म्हणून आधी आत काय असतं ते सांगतो, ते कळलं की सॉफ्टवेअर निवडणं सोपं आहे.
त्या बिननावाच्या फायली म्हणजे डायकॉम. हे फोटोचं फॉरमॅट नाही, फोटो अधिक माहिती असं एकत्र बांधलेलं असतं. पेशंटचं नाव, वय, तारीख, कोणतं मशीन, स्लाइस (शरीराचा एक काप) किती मिलिमीटरची, एक पिक्सेल म्हणजे शरीरात किती मिलिमीटर, सगळं त्याच फाइलमध्ये. १९८५ ला अमेरिकेत रेडिओलॉजिस्ट आणि मशीन बनवणाऱ्या कंपन्यांनी मिळून पहिलं स्टँडर्ड काढलं, मग १९९३ ला त्याला डायकॉम नाव पडलं, तेव्हापासून मशीन कोणत्याही कंपनीचं असू द्या, फाइल सगळीकडे उघडली पाहिजे असा नियम आहे. म्हणून सीडीसोबत आलेलंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं असं अजिबात नाही. ते फक्त सोय म्हणून टाकलेलं असतं आणि बऱ्याचदा त्या सीडीपुरतंच चालतं.
एक काम करा, सीडी आली की आधी अख्खी हार्डडिस्कवर कॉपी करा, पेशंटच्या नावाचं फोल्डर करून. सीडीवरून थेट बघितलं की प्रत्येक स्लाइसला अडकतं आणि आपल्याला वाटतं सॉफ्टवेअरच खराब. आणि ऑटोरन बंद ठेवा, सीडी आणि पेनड्राइव्ह दहा कॉम्प्युटर फिरून आलेले असतात. आत डायकॉमडिर नावाची एक फाइल असते, ती म्हणजे अनुक्रमणिका, बहुतेक व्ह्यूअर (ही चित्रं दाखवणारी सॉफ्टवेअर) तिच्यावरून सगळ्या सिरीज (एका दिशेच्या स्लाइसचा एकेक संच) नीट लावून दाखवतात. ती नसली किंवा खराब असली तर सरळ पूर्ण फोल्डर उघडायचं.
रॅमची काळजी करू नका. सीटीची एक स्लाइस ५१२ बाय ५१२ पिक्सेलची, प्रत्येक पिक्सेलला २ बाइट, म्हणजे अर्धा एमबी. ६०० स्लाइस असल्या तरी ३०० एमबी. कंबरेचा एमआरआय तर त्याहून खूप लहान असतो. तुमचा पीसी पुरतो, फक्त थ्रीडीच्या नादी लागू नका.
आणि हो, फिल्मवर समाधान मानू नका. फिल्मवर आम्ही निवडक चित्रं आणि तीही एकाच विंडोवर, म्हणजे छटांच्या एकाच टप्प्यावर, छापतो. सीटीत ४०९६ पातळ्या साठवलेल्या असतात, पाणी शून्य, हवा उणे १०००, हाड वर कित्येक शे ते हजारापर्यंत, आणि आपला डोळा एका वेळी त्यातल्या फार थोड्या छटा ओळखतो. म्हणून फुफ्फुस बघताना एक विंडो, मेंदू बघताना दुसरी, हाडासाठी तिसरी. फुफ्फुसाला साधारण लेव्हल (त्या टप्प्याचा मध्य) उणे ६०० आणि रुंदी १५००, मेंदूला लेव्हल ४० रुंदी ८०. मेंदूच्या विंडोवर छापलेल्या फिल्ममध्ये कवटीची बारीक तडा कोणी शोधत असेल तर ती दिसणारच नाही, डेटात असूनही दिसणार नाही. म्हणून म्हणतो, सॉफ्टवेअरमध्ये पहिली गोष्ट बघायची ती म्हणजे माउस ओढून विंडो पटकन बदलते का.

धुळे_लिनक्स:
वरच्या भाऊंनी पाया चांगला घातलाय. मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, डॉक्टर नाही, पण धुळ्यात दोन-तीन दवाखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो म्हणून लायसन्सचं बोलतो, कारण ताईंनी विचारलेला सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'कायद्याने बरोबर' हा आहे आणि यावर कोणी बोलत नाही.
'फुकट' हे तीन प्रकारचं असतं. पहिलं, ट्रायल. रेडिअंट हे पोलंडचं सॉफ्टवेअर, अतिशय वेगवान, वापरायला गोड, पण ते विकत घ्यायचं आहे, ट्रायल ठराविक मुदतीचं. तुमच्या काही सीडींमध्ये जे आपोआप उघडतं ते कदाचित तेच असेल, त्याची सीडीसाठीची वेगळी आवृत्ती असते. दुसरं, घरगुती वापराला फुकट. मायक्रोडायकॉम बल्गेरियाचं, विंडोजवर हलकं, शिकायला सगळ्यात सोपं, आणि जो तो तेच सुचवतो. पण ते खासगी, बिगर-व्यावसायिक वापरालाच फुकट आहे. तुमचं क्लिनिक फी घेतं, म्हणजे तुम्हाला त्याचं व्यावसायिक लायसन्स लागेल. एखाद्या पेशंटला स्वतःची सीडी घरी बघायची असेल तर त्याला बिनधास्त मायक्रोडायकॉम सांगा, तुम्ही मात्र नको.
तिसरं, खऱ्या अर्थाने मुक्त, ओपन सोर्स. तुमच्यासाठी माझं उत्तर वीसिस. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात बनलंय, लायसन्स एक्लिप्स आणि अपाची दोन्हीत, क्लिनिकमध्ये वापरायला त्या लायसन्समध्ये आडकाठी नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. पूर्वी जावा वेगळं टाकावं लागायचं आणि तिथेच लोक कंटाळून सोडून द्यायचे, आता इन्स्टॉलरमध्ये जावा आतच येतं. पहिल्यांदा सुरू व्हायला वेळ घेतं, घाबरू नका, एकदा उघडलं की ठीक चालतं. तुम्हाला पाहिजे ते सगळं आहे, स्क्रीनचे दोन-चार भाग करून प्रत्येकात वेगळी सिरीज, एक फिरवली की दुसरी सोबत, उभ्या चित्रावर आडवी स्लाइस कुठून कापलीय ती रेघ, अंतर, कोन, कॉब अँगल (पाठीच्या बाकाचा कोन) सुद्धा.
मॅकवाल्यांसाठी होरॉस, ते ओसिरिक्सच्या खुल्या कोडवरून बनलंय. ओसिरिक्सही जिनिव्हाच्याच एका रेडिओलॉजिस्टने सुरू केलेलं. त्याची पैसेवाली एमडी आवृत्ती आहे आणि फुकटची लाइट, पण लाइट ही वैद्यकीय वापरासाठी नाही असं कंपनी स्वतःच सांगते.
डाउनलोड अधिकृत साइटवरूनच करा. 'फ्री डाउनलोड'वाल्या भलत्या साइटवरून घेतलं की सोबत चार टूलबार येतात आणि दवाखान्याच्या पीसीवर पेशंटचा डेटा असतो हे विसरू नका. ज्या वेबसाइट म्हणतात की फाइल इथे टाका आम्ही दाखवतो, त्यातल्या काही फाइल ब्राउझरमध्येच उघडतात पण काही सरळ त्यांच्या सर्व्हरवर चढवतात. कोणती काय करते हे बाहेरून कळत नाही, तेव्हा दुसऱ्याचा डेटा तिथे टाकूच नका.

अमळनेर_ऑर्थो:
मी ऑर्थोपेडिकचा पीजी करतोय, मूळ अमळनेरचा. वीसिसला माझंही मत. पण मोजमापाबद्दल थोडं सांगतो ताई, कारण तुम्ही कोन आणि अंतर मोजणार आहात आणि इथे सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी फसवू शकतं.
सीटी आणि एमआरआयवर मिलिमीटर बरोबर येतात, कारण पिक्सेलचं माप फाइलमध्ये शरीराच्या हिशोबाने लिहिलेलं असतं. साध्या डिजिटल एक्सरेचं तसं नाही. तिथे किरण एका बिंदूतून पसरत येतात, हाड प्लेटपासून जितकं लांब तितकी सावली मोठी, आणि फाइलमध्ये बऱ्याचदा माप असतं ते प्लेटवरचं, हाडाचं नाही. जाड माणसाच्या खुब्याचा एक्सरे असेल तर चांगलाच फरक पडतो. म्हणून आम्ही सांध्याचं ऑपरेशन ठरवताना एक्सरे काढतानाच हाडाच्या पातळीवर २५ मिलिमीटरचा धातूचा गोळा ठेवतो आणि त्याच्यावरून माप लावतो. तुम्हाला गोळ्याची गरज नाही, पण एक्सरेवरचं अंतर अमुक इतके मिलिमीटर असं पेशंटच्या कागदावर लिहू नका. कोन मात्र चालतो, सगळी सावली सारखीच मोठी झाली तर कोन बदलत नाही. पाठीच्या बाकासाठी कॉब अँगल घ्याच, फक्त एक्सरे उभं राहून काढलेला आहे का ते बघा, आणि पुढच्या वेळी मोजताना तेच मणके धरा. दोन वेळच्या मापात ५ अंशांपर्यंतचा फरक मोजणाऱ्याच्या हाताचाही असू शकतो, त्यावरून पोराच्या आईला 'वाढलं' म्हणून घाबरवू नये.
एमआरआयवर विंडो-लेव्हलचे सीटीसारखे ठरलेले आकडे नसतात, मशीन बदललं की आकडे बदलतात, डोळ्याला नीट दिसेपर्यंत माउस ओढायचा. टी२ (एमआरआयच्या सिरीजचा एक प्रकार) मध्ये पाणी पांढरं, म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं पाणी पांढरं दिसतं आणि सुकलेली चकती (दोन मणक्यांमधली गादी) काळी. पेशंटला दाखवायला टी२ ची उभी सिरीज सगळ्यात सोपी, त्याला लगेच कळतं.
आणि एक मनापासून सांगतो. काळी चकती, थोडी बाहेर आलेली चकती, हे काहीही दुखत नसलेल्या माणसांतही दिसतं, वय वाढलं की तर खूपच. स्क्रीनवर दाखवताना 'हे बघा तुमची गादी सरकली' एवढंच बोललात तर माणूस वाकायलाच घाबरतो, कामावर जाणं बंद करतो. दाखवा जरूर, पण सोबत हेही सांगा.

सातपुडा_पाड्यावरून:
मी धडगाव तालुक्यात आरोग्य खात्यात आहे. आमच्याकडे प्रश्न वेगळा, इथे बघण्यापेक्षा पाठवणं अवघड. एक्सरे काढला की तो नंदुरबारला किंवा सुरतला ओळखीच्या डॉक्टरांना दाखवायचा असतो, पेशंटला तितकं लांब घेऊन जाणं प्रत्येक वेळी परवडत नाही, आणि नेट घाटात येतं नि जातं. सगळे काय करतात, फिल्म खिडकीला धरून मोबाइलने फोटो काढतात आणि व्हॉट्सॲपवर टाकतात. फोटोत २५६ च छटा राहतात, त्यात खिडकीचा उजेड, त्यात व्हॉट्सॲप परत दाबून लहान करतं. तिकडचा डॉक्टर कितीही हुशार असू द्या, रावेरच्या केळीच्या बागेतलं एक केळं फोटोत बघून बागेचा सौदा करायला लावल्यासारखं आहे ते.
त्याऐवजी डायकॉमचं फोल्डर झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं, फोटो म्हणून नाही. पूर्ण सीटी जाणार नाही, पण एक-दोन एक्सरे किंवा एमआरआयची एक सिरीज रात्री नेट बरं असताना जाते. पाठवायच्या आधी नाव काढून टाकायचं. या व्ह्यूअरमध्ये अनॉनिमाइज म्हणून सोय असते, ती फाइलच्या आतलं नाव, जन्मतारीख, नंबर पुसते. पण लक्षात ठेवा, सोनोग्राफीत नाव चित्रावरच छापलेलं असतं, ते या बटणाने जात नाही, तो भाग वेगळा झाकावा लागतो. आणि फोल्डरचं नाव पेशंटच्या नावाने ठेवलं असेल तर तेही बदला, आत सगळं पुसून बाहेर नाव तसंच राहिलं तर काय उपयोग. आमच्या पाड्यावर सगळे एकमेकांना ओळखतात, कुणाला काय झालंय हे ग्रुपवर फिरलं की त्या माणसाचं, विशेषतः लग्नाच्या पोरीचं, फार नुकसान होतं. मला हे फार टोचतं म्हणून लिहून राहिलोय.

भुसावळ_जंक्शन:
थ्रीडी स्लायसरबद्दल कोणीच बोललं नाही? मी इंजिनिअरिंगला वापरलंय, हाडाचं मॉडेल काढून थ्रीडी प्रिंटला देता येतं, भारी आहे, आणि पूर्ण फुकट.

धुळे_लिनक्स:
भाऊ, भारीच आहे, पण ताईंच्या कामाचं नाही. ते संशोधनासाठी आहे, पेशंटच्या उपचारासाठी मान्यता घेतलेलं नाही असं ते बनवणारेच स्पष्ट लिहितात, आणि ४ जीबीत ते दमेल. थ्रीडी मॉडेलच पाहिजे असेल तर ब्राझीलमधल्या कांपिनासच्या सरकारी संस्थेत बनलेलं इन्व्हेसॅलियस पण बघ, २००१ पासून चालू आहे, त्याचा हेतूच सरकारी दवाखान्यांना महागडं सॉफ्टवेअर घ्यावं लागू नये हा होता. शिकायला स्लायसरपेक्षा सोपं वाटेल.

शिरपूरची_फिजिओ:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी नीट समजावून सांगितलं नव्हतं. वीसिस टाकलं. पहिल्यांदा उघडायला वेळ लागला पण कंबरेचा एमआरआय दोन खिडक्यांत शेजारी शेजारी लागला आणि उभ्या चित्रावरची ती रेघ खाली-वर सरकताना बघून एका बाबांनी स्वतःच विचारलं की 'ताई, ही चौथी का पाचवी गादी?' अमळनेरच्या दादांनी सांगितलेलं बोलणंही लक्षात ठेवीन, ते फार खरं आहे.
अजून दोन गोष्टी. एक, काही सीडींमध्ये डायकॉम नसतंच, नुसते जेपीजी असतात, त्याचं काय करायचं? दोन, हे सगळं साठवून ठेवायला पाहिजे का, कारण हार्डडिस्क भरत चाललीय आणि सहा महिन्यांनी तोच पेशंट आला की जुनं-नवं शेजारी लावता आलं तर फार बरं होईल.

जळगाव_सीटी_टेक:
जेपीजीच असेल तर त्यातून काही परत मिळत नाही ताई, विंडो बदलत नाही, माप लागत नाही. पेशंटला परत सेंटरला पाठवा आणि सांगा की 'डायकॉममध्ये पूर्ण स्टडी द्या' असं म्हण, हे चार शब्द चिठ्ठीवर लिहून द्या कारण तो काउंटरवर विसरतो. मशीनच्या कॉम्प्युटरवर डेटा कायम राहत नाही, जागा भरली की जुना जातो, म्हणून लवकर मागायचं. आणि कोणी टाळाटाळ केली तर लेखी मागा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम आहेत, त्यात पेशंटने रेकॉर्ड मागितलं तर ७२ तासांत द्यायचं असं आहे. भांडायची गरज पडत नाही, नियमाचा उल्लेख केला की बहुतेक ठिकाणी सीडी निघते. सीटी असेल तर बारीक स्लाइस पण मागा, १ मिलिमीटरच्या आसपासच्या. नुसत्या ५ मिलिमीटरच्या दिल्या तर दुसऱ्या दिशेने कापून बघताना चित्र पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं.

धुळे_लिनक्स:
साठवणुकीसाठी ऑर्थँक बघा, डायकॉम फायली एका जागी ठेवणारा सर्व्हर आहे तो. बेल्जियममधल्या लीजच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१२ ला सुरू झालेलं, ओपन सोर्स, अगदी हलकं, एखाद्या जुन्या पीसीवर किंवा रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवरसुद्धा चालतं. फायली त्यात टाकल्या की पेशंटच्या नावाने, तारखेने लागतात, आणि वीसिस थेट त्याच्यातून उघडतं, मग जुना-नवा एमआरआय शेजारी लावणं सोपं. एकच अट, त्याचा सुरुवातीचा पासवर्ड सगळ्या जगाला माहीत आहे तो पहिल्या मिनिटाला बदला, आणि ते क्लिनिकच्या आतल्या नेटवर्कवरच ठेवा, राउटरमधून बाहेर उघडू नका. घरून बघता यावं म्हणून लोक असे सर्व्हर इंटरनेटवर मोकळे सोडतात आणि पेशंटची नावं जगाला दिसतात. आणि त्याचा बॅकअप वेगळ्या हार्डडिस्कवर, ती डिस्क क्लिनिकमध्ये नाही, घरी कपाटात. अडलात तर इथेच लिहा, शिरपूर काही लांब नाही, रविवारी येऊन लावून देतो.

शिरपूरची_फिजिओ:
या दादा, नक्की या. पीसी चालू ठेवते, आणि जेवायला शेवभाजी आहे.